स्कॅनरचा रिपोर्ट कोरा आला तरी प्लांट सुरक्षित नसतो: ओटी सिक्युरिटीत येणाऱ्यांसाठी

नेटवर्किंग, लिनक्स, सीव्हीई (जाहीर झालेल्या दोषांचे नंबर) वगैरे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. आयटी सिक्युरिटीतून कारखाने, वीजकेंद्रं, पाणीपुरवठा अशा ठिकाणची यंत्रणा सांभाळायच्या कामाकडे, म्हणजे ओटी सिक्युरिटीकडे, वळायचं असेल, तर एका सापळ्याबद्दल आधी सांगतो. मी त्यात बराच काळ अडकलो होतो आणि मुलाखतीला येणारी बरीच मुलंही त्यातच अडकलेली दिसतात. तो सापळा म्हणजे सीव्हीएसएसचा स्कोअर, म्हणजे एखादा दोष किती गंभीर याचे दहापैकी गुण.

ऑफिसच्या नेटवर्कवर हाताला सवय लागते: दोष शोधणारा स्कॅनर चालवायचा, यादी काढायची, ९.८ वाले आधी, ७.५ वाले नंतर, पॅच लावायचे, रिपोर्ट द्यायचा. प्लांटमध्ये हाच क्रम धरलात तर सगळ्यात मोठा धोका यादीत येतच नाही.

का, ते जवळून बघा. मॉडबस हा कारखान्यातल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचा १९७९ सालचा प्रोटोकॉल, आजही ठिकठिकाणी चालू आहे. पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, जोडलेला पंप सुरू करायला मॉडबस टीसीपीवर, पोर्ट ५०२ ला, अवघे १२ बाइट पुरतात. सातवा बाइट युनिटचा नंबर. आठवा ०५, म्हणजे 'एक कॉइल (चालू-बंद आउटपुट) लिही'. पुढचे दोन त्या कॉइलचा पत्ता. शेवटचे दोन एफएफ ०० असले तर चालू, ०० ०० असले तर बंद. संपलं. पासवर्डला यात जागाच ठेवलेली नाही. हुकूम कंट्रोल रूममधून आला की कुणाच्या लॅपटॉपवरून, हे मूळ मॉडबसमध्ये तपासलंच जात नाही. प्रोटोकॉल ठरल्याप्रमाणेच वागतोय, त्यामुळे स्कॅनर बहुधा याला दोष म्हणून मोजत नाही. फर्मवेअर अगदी ताजं, रिपोर्ट कोरा, आणि तरीही त्या नेटवर्कवर पोचलेला कोणीही पंप बंद करू शकतो.

हे कागदावरचं भय नाही. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. सुरुवात ईमेलमधल्या ऑफिस फाइलींपासून झाली. मग ऑपरेटरांचे लॉगिन चोरले, व्हीपीएनला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती, आणि हल्लेखोर थेट ऑपरेटरच्या स्क्रीनवर पोचले. ब्रेकर उघडले ते रोज वापरायच्या सॉफ्टवेअरमधूनच. त्यासाठी एकही झिरो-डे, म्हणजे पॅच निघण्याआधीच वापरलेला दोष, लागला नाही. वीज परत आली ती काही तासांत, कारण माणसं सबस्टेशनवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. इराणच्या अणुकेंद्रातल्या पीएलसींवर सोडलेल्या स्टक्सनेट या वर्ममध्ये विंडोजचे चार झिरो-डे होते म्हणून सगळे त्याच्यावर प्रेझेंटेशन करतात. नवशिक्याने आधी युक्रेन वाचावं, असं माझं ठाम मत आहे.

घाबरू नका, शिकायला महागडं काही लागत नाही. ओपनपीएलसी हे कॉम्प्युटरलाच पीएलसी बनवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. साध्या लॅपटॉपवर ते चढवा, पायथनमधून वरचे १२ बाइट स्वतः पाठवा आणि पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये एकेक बाइट ओळखा. ज्या दिवशी आउटपुट बदलताना दिसेल, त्या दिवशी हा विषय डोक्यात बसेल. अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेचं ऑनलाइन प्रशिक्षणही मोफत आहे. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या क्लासला मोठी फी भरण्याआधी एवढं तरी करा. त्या क्लासमध्ये शिकवणाऱ्याने पॅनलचं दार कधी उघडलंय का, हे विचारायला लाजू नका.

गुरूबद्दल सांगायचं तर प्लांटमधला इन्स्ट्रुमेंटेशनचा जुना माणूस धरा. कुठला व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडला तर काय फुटेल, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तो सुरुवातीला तुम्हाला उडवून लावेल. चहाला सोबत जा, शिफ्ट संपेपर्यंत थांबा, तो सांगतो.

आता दोन गोष्टी कडक शब्दांत. चालू प्लांटच्या नेटवर्कवर एनमॅप हा पोर्ट स्कॅनर मारू नका. जुना पीएलसी अनपेक्षित पॅकेट आल्यावर लटकू शकतो आणि त्याच्या पलीकडे बॉयलर असतो. स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे ट्रॅफिकची प्रत मिळते) नुसतं ऐका, तेवढ्यात बरंच कळतं. दुसरं, शोडानवर (इंटरनेटला जोडलेली उपकरणं शोधणारं सर्च इंजिन) उघडी सापडलेली यंत्रणा 'फक्त बघायला' म्हणूनही लॉगिन करू नका. आयटी कायद्याच्या कलम ७० खाली सरकारने संरक्षित घोषित केलेल्या यंत्रणेत विनापरवाना शिरलं किंवा शिरायचा प्रयत्न केला तरी १० वर्षांपर्यंत कैद आहे. दोष दिसला तर सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा, बस्स.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: पीएलसीत गंभीर व्हल्नरेबिलिटी जाहीर झाली, पण प्लांटचं पुढचं ठरलेलं शटडाउन आठ महिन्यांनी आहे, काय कराल? 'ताबडतोब पॅच' म्हणणारा तिथेच बाद होतो. त्या पीएलसीशी कोणकोण बोलतं याची यादी काढा, इंजिनिअरिंग स्टेशन (पीएलसीचा प्रोग्राम लिहायचा कॉम्प्युटर) आणि ऑपरेटरची स्क्रीन सोडून बाकी कुणाचाही लिहिण्याचा हुकूम फायरवॉलवर अडवा, पीएलसीवर रन-प्रोग्रामची किल्ली असेल तर ती रनवर ठेवा, व्हेंडरचा रिमोट अ‍ॅक्सेस एरवी बंद ठेवून कामापुरता उघडा, लॉजिकचा, म्हणजे पीएलसीतल्या प्रोग्रामचा, बॅकअप घेऊन नेटवर्कबाहेर ठेवा. पॅच शटडाउनच्या कामांच्या यादीत आजच लिहायला सांगा, आणि तोही आधी सुट्या पीएलसीवर चढवून बघा.