तोंड आले म्हणजे नेमके काय झाले?

‘तोंड आले आहे’ एवढे म्हटले की समोरच्याला सगळे समजले असे आपण धरून चालतो, आणि तोही ‘उष्णता झाली असेल, गुलकंद खा’ असे सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात या शब्दांखाली चार-पाच अगदी वेगळे आजार मोडतात. त्यांतले बहुतेक आपोआप बरे होतात, काहींना औषध लागते, आणि एखादा असा निघतो की त्याच्याकडे काही महिने दुर्लक्ष झाल्यास जीभ किंवा जबड्याचा भाग काढण्याची वेळ येते. म्हणून मलम आणण्याआधी तोंडात नीट पाहावे आणि फोड कधी उठला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ‘बरेच दिवस झाले’ या उत्तराचा डॉक्टरांना काहीही उपयोग होत नाही.

पाहण्यासाठी हात धुऊन, कवळी असल्यास ती काढून, खिडकीशी आरसा घेऊन उभे राहावे किंवा मोबाइलची बॅटरी लावावी. आधी दोन्ही ओठ उलटून आतली बाजू पाहावी, मग चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढून मागच्या दाढांपर्यंत पाहावे. जिभेचे टोक स्वच्छ सुती रुमालात धरून ती एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे ओढावी, कारण जिभेच्या कडा नुसते तोंड उघडून दिसत नाहीत आणि धोकादायक जखमा नेमक्या तिथेच लपतात. शेवटी जीभ टाळूला लावून तिच्या खालची जागा पाहावी.

सर्वांत जास्त आढळणारा व्रण ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला अथवा खाली, म्हणजे मऊ आणि सैल त्वचेवर उठतो. तो गोल किंवा लंबगोल, उथळ असतो. मध्ये पिवळट पांढरा थर आणि भोवती लाल कडे असते. आकाराने तो बहुधा ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो, पण आमटीचा पहिला घोट घेताच डोळ्यांत पाणी आणतो. हा व्रण कोणत्याही जंतूमुळे होत नाही, त्यामुळे उष्ट्या भांड्यातून तो दुसऱ्याला लागत नाही. जागरण, ताण, मासिक पाळीचे दिवस, गाल चावला जाणे, आणि काहींच्या बाबतीत टूथपेस्टमधले फेस आणणारे सोडिअम लॉरिल सल्फेट ही त्याची निमित्ते आहेत. तो 7 ते 14 दिवसांत डाग न ठेवता भरतो. क्वचित 1 सेंटिमीटरपेक्षा मोठा, खोल व्रण होतो. त्याला कित्येक आठवडे लागतात आणि तिथे वण राहतो, म्हणून तो घरी सांभाळण्याचा विषय नाही.

एकाच जागी पुन्हापुन्हा जखम होत असेल तर आधी शेजारच्या दाताकडे पाहावे. मी स्वतः जिभेच्या उजव्या कडेच्या जखमेवर जवळजवळ महिनाभर बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाल्ल्या, गुलकंद खाल्ले, चहा सोडला. अखेर दंतवैद्याने दाढेतले चांदीचे सिमेंट तुटून राहिलेली धार बोटानेच मला दाखवली, दोन मिनिटांत ती घासली आणि आठवड्यात जखम भरली. घट्ट किंवा सैल कवळी, वाकडी अक्कलदाढ, दात सरळ करण्याच्या तारा यांचेही असेच असते. कारण दूर केल्यावर 2 आठवड्यांत जखम भरलीच पाहिजे. ती भरली नाही, तर कारण वेगळे आहे असे धरून तपासणी करावी.

ओठाच्या बाहेरच्या कडेला तापानंतर किंवा उन्हातून आल्यावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठत असेल, तर तो हर्पिसच्या विषाणूचा असतो आणि संसर्गजन्य असतो. फोड उठण्याआधी तिथे चुरचुरते. त्या वेळीच ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचे मलम लावायला सुरुवात केली तर थोडा लाभ होतो, खपली धरल्यावर नाही. या दिवसांत लहान बाळाचा पापा घेऊ नये, टॉवेल वेगळा ठेवावा आणि फोडाला लावलेला हात डोळ्याला लावू नये. लहान मुलाला ताप, तोंडात फोड आणि सोबत तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर तो हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार असतो. तो आठवडा-दहा दिवसांत जातो, मात्र दुखण्यामुळे मूल पाणी पीत नाही ही खरी काळजी आहे. थंड ताक, पातळ पेज, गार दूध थोडे थोडे देत राहावे आणि 8 तासांत लघवी झाली नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर असेल, तो पुसल्यावर निघून खाली लाल दिसत असेल, तर ती बुरशी होय. ती बाळांना, कवळी वापरणाऱ्यांना, मधुमेहींना आणि दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना होते व तिला बुरशीविरोधी औषधच लागते.

साध्या व्रणासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर चूळ भरावी. झोंबले तरी ती जागा स्वच्छ राहते. तिखट, आंबट, गरम आणि चकली-कुरमुऱ्यांसारखे टोचणारे पदार्थ आठवडाभर टाळावेत. दात घासणे दुखते म्हणून सोडू नये, मऊ ब्रश घ्यावा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पाण्याने दिवसातून दोनदा चूळ भरल्यास जखमेत दुसरा संसर्ग होत नाही, मात्र दात घासल्यानंतर अर्धा तास थांबावे आणि ते महिनोन्महिने वापरू नये, नाहीतर दात तपकिरी पडतात. डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोनचे (दाह कमी करणाऱ्या स्टिरॉइडचे) मलम दिले असेल तर जागा कापसाने कोरडी करून, झोपताना, न चोळता नुसते टेकवावे, म्हणजे त्याचा पापुद्रा धरतो. हे मलम हर्पिसवर किंवा बुरशीवर लावल्यास आजार वाढतो. सॅलिसिलेट असलेली दुखणे मारणारी जेल 16 वर्षांखालील मुलांना लावू नये.

घरगुती उपायांपैकी साजूक तूप लावणे, जाईची पाने चघळणे, ज्येष्ठमध चोखणे यांनी बरे वाटत असेल तर साध्या व्रणावर ते करण्यास माझी हरकत नाही. तसाही तो व्रण त्याच दिवसांत भरणार असतो आणि श्रेय पानाला मिळते. पण मधात टाकणखार (बोरॅक्स) कालवून बाळाच्या तोंडात फिरवण्याची जुनी रीत सोडूनच द्यावी, कारण टाकणखार पोटात जाणे बाळाला घातक आहे आणि वर्षाखालील बाळाला मधही देऊ नये. लवंगेचे तेल थेट जखमेवर लावणे किंवा दुखऱ्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी धरणे यांनी त्वचा भाजून पांढरी पडते आणि एका जखमेच्या दोन होतात.

वर्षातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त तोंड येत असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी रक्त तपासावे: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), फोलेट (फॉलिक ॲसिड) आणि बी 12 जीवनसत्त्व. बी 12 वनस्पतींतून मिळत नाही, त्यामुळे दूध-दहीही कमी घेणाऱ्या शाकाहारी घरांत ही कमतरता वारंवार आढळते. तिच्यात जीभ लाल, गुळगुळीत होते आणि हातापायांना मुंग्या येतात. आधी गोळ्या खाल्ल्या तर अहवाल बरा येतो आणि मूळ कारण झाकले जाते. व्रणांसोबत जननेंद्रियावर फोड, डोळे लाल होणे, सांधेदुखी, रक्त पडणारे जुलाब किंवा वजन उतरणे असेल, अथवा संधिवातावर देतात त्या मेथोट्रेक्सेटसारखे औषध चालू असेल, तर आधी फिजिशियनला भेटावे.

दुखते म्हणून माणूस दवाखान्यात जातो. तंबाखूमुळे होणारी सुरुवात बहुधा दुखतच नाही. चुना मळून तंबाखू जिथे ठेवतात त्या गालात, मिश्री लावणाऱ्यांच्या हिरड्यांजवळ, जिभेच्या कडेला न पुसला जाणारा पांढरा किंवा मखमली लाल चट्टा, कडक कडांची जखम, मानेत गाठ, कारण नसताना सैल झालेला दात ही चिन्हे दिसल्यास थांबू नये. महाराष्ट्रात 2012पासून गुटख्यावर बंदी आहे, पण नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे आणि तिने गाल आखडत जातात. आपली तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे पाहावे; जात नसतील आणि तिखट सहन होत नसेल, तर सुपारी त्याच दिवशी बंद करावी. कोणतीही जखम 15 दिवसांत भरली नाही तर ती दुखो वा न दुखो, दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. ते तुकडा काढून तपासायला सांगतील. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे: जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा भाग घेतात, लागल्यास एखादा टाका घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात.