ऑटोपायलटचा तोच स्नॅग परत आला तर

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ऐरोली-घणसोलीतली, नुकतंच एएमई (विमान देखभाल अभियंता) लायसन्स हातात आलेली मुलंमुली माझ्याकडे जास्त यायला लागली आहेत. बिझनेस जेटवर काम करणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "ताई, ऑटोपायलट कॉम्प्युटर बदलला, सर्व्हो (कंट्रोल हलवणारी मोटर) बदलला, तरी तोच स्नॅग (बिघाड) परत आला. आता काय काढू?"

काही काढू नका. वैमानिक गाडीत बसून निघायच्या आत त्याला गाठा. टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) "ऑटोपायलट नीट चालत नाही" एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यावरून काहीच शोधता येत नाही. विचारा: ऑटोपायलट आपोआप सुटला, की लागलेला असताना विमान डुलत होतं? मोड कोणता होता? उंची किती, टेक-ऑफनंतर किती वेळाने? ऑटोपायलटला डाव्या बाजूची उपकरणं जोडलेली (कपल) होती की उजव्या, आणि दुसरी बाजू लावल्यावर फरक पडला का? या शेवटच्या उत्तराला फार मोल आहे. बाजू बदलल्यावर डुलणं थांबलं तर आधी त्या बाजूचे सेन्सर बघायचे. नाहीच थांबलं, तर दोन्ही बाजूंना सामाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे बहुतेक विमानांत सर्व्हो, केबल आणि त्यांचं वायरिंग.

साध्या पिच होल्डमध्ये (नाक ठरल्या कोनात धरणारा मोड) विमान स्थिर आहे आणि अल्टिट्यूड होल्ड (उंची धरणारा मोड) लावला की वर-खाली होतंय, तर एअर डेटाकडे, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या यंत्रणेकडे वळा: स्टॅटिक लाइनमधली (बाहेरच्या हवेचा दाब आत आणणारी नळी) गळती, साठलेलं पाणी, स्टॅटिक पोर्टजवळ (त्या नळीचं बाहेरचं तोंड) पोचा आलेला पत्रा. फक्त आयएलएसवर (उतरताना धावपट्टीकडे नेणारे रेडिओ संकेत) नागमोडी जात असेल, तर दुसऱ्या विमानतळावरही तसंच होतं का ते आधी विचारा. लोकलायझरच्या, म्हणजे धावपट्टीची मधली रेषा दाखवणाऱ्या संकेताच्या, बीममध्ये एखादं विमान आडवं आलं तरी सुई हलते.

आणि पिच होल्डमध्येही डुलतंय, तेही फक्त उंचावर, थंडीत? मग कंट्रोल केबलचं टेन्शन (ताण) मोजा. विमानाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, केबल स्टीलची. थंडीत अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त आकसतं, म्हणून वर गेल्यावर केबल सैल पडते. आपल्याकडे खाली 32 अंश, 41,000 फुटांवर साधारण उणे 56. सैल केबलमुळे सर्व्होने दिलेला हुकूम एलिव्हेटरपर्यंत (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) उशिरा पोचतो, सर्व्हो आणखी ढकलतो, मग जास्त झालं म्हणून मागे ओढतो. जमिनीवर हे दिसत नाही आणि लॉगमध्ये "ग्राउंड चेक सॅटिस" (जमिनीवरची तपासणी ठीक) अशी नोंद पडते. काही विमानांत टेन्शन रेग्युलेटर (केबलचा ताण सारखा ठेवणारा भाग) असतो. तिथे तो अडकत नाही ना ते बघायचं.

मोजताना विमान काही तास हँगरच्या सावलीत निवू द्या. दुपारी उन्हातून आत ढकलून लगेच टेन्सिओमीटर (ताण मोजायचं साधन) लावला आणि भिंतीवरचं तापमान, तापमानानुसार टेन्शन सांगणाऱ्या चार्टवर धरलं, तर तापलेल्या अंगामुळे केबल घट्ट वाटते. माणूस ती ढिली करतो आणि वर गेल्यावर त्रास वाढतो. सर्व्होच्या कॅप्स्टनवरची (केबल गुंडाळणारं चाक) ब्रायडल केबल, म्हणजे सर्व्होला मुख्य केबलशी जोडणारी छोटी केबल, वेगळी मोजा, ती हमखास विसरली जाते.

ऑटोपायलट झटक्यात सुटत असेल तर कनेक्टर (तारा जोडणारे प्लग) बघा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, पिनांवर हिरवट थर चढतो. गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि टॉयलेटखालचे कनेक्टर आधी उघडा, तिथे वरून पाणी झिरपतं. पिन नुसती पुसू नका. सॉकेटची पकड टेस्ट पिनने तपासा. हार्नेस (तारांचा जुडगा) हलवताना एकाची नजर मीटरवर हवी.

जुन्या नोंदी काढून स्नॅग पहिल्यांदा आला त्याच्या आधी कोणतं काम झालं होतं तेही बघा. रंगकाम, सीट काढणं, फ्लोअर उघडणं, काहीही असेल.

ऑपरेटर घाई करणार, हे धरूनच चला. अल्टिट्यूड होल्ड चालत नसेल तर 29,000 ते 41,000 फुटांमधल्या आरव्हीएसएम पट्ट्यात (इथे विमानांमधलं उभं अंतर कमी ठेवतात) विमान नेता येत नाही, खाली उडालं की इंधन जास्त जळतं. आरव्हीएसएमसाठी ऑटोपायलटने उंची 65 फुटांच्या आत धरायला हवी, म्हणून "बरा वाटतोय" एवढ्यावर सही करू नका. ज्या मोडमध्ये, ज्या उंचीवर दोष आला होता तिथेच, विमान पुरतं थंड होईपर्यंत उडवून बघायला सांगा आणि लॉगमध्ये केबलचं आधीचं व नंतरचं टेन्शन, त्या वेळचं तापमान आणि उघडलेल्या कनेक्टरचा नंबर लिहा. पुढच्या शिफ्टच्या माणसाला सुरुवात तिथूनच करता येईल.