पडद्यावरच्या खुणा: अ‍ॅपची रचना कानांनाही कळेल अशी करा

देवगडच्या मच्छीमारांसाठी मी एक छोटं अ‍ॅप केलं आहे. भरती-ओहोटीच्या वेळा, वारा, हवामान खात्याचे आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचे इशारे, आणि बंदरावरच्या लिलावातले आजचे दर, एवढंच त्यात आहे. पहिली आवृत्ती झाल्यावर ती मी आधी काकांच्या हातात दिली. काकांनी 30 वर्षं तांडेल म्हणून होडी चालवली. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हापासून ते टॉकबॅक हे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं वाचकयंत्र लावून फोन वापरतात. मी प्रत्येक बटणाला नाव दिलं होतं, प्रत्येक चित्राखाली वर्णन होतं, त्यामुळे काम झालं असं मी धरून चालले होते. काकांनी पाच मिनिटं बोट सरकवलं आणि फोन खाली ठेवला. म्हणाले, "सगळां वाचता गो, पण मी खय आसय तां कळणा नाय."

मग त्यांनी समजावलं. समुद्रात असताना देवगडचं दीपगृह आणि त्यामागचा डोंगर एका रेषेत आले की आपण कुठे आहोत ते समजायचं. "खूण गावली की बाकीचां समजता. हय खूणच नाय."

त्या दिवसापासून मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुमचं अ‍ॅप आंब्याच्या पेट्यांचं असो की होमस्टेच्या बुकिंगचं, कामाची पद्धत हीच.

आधी डोळे मिटून ऐका

अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर सुरू करा. एका बोटाने उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक वाचला जातो, दोनदा टॅप केलं की तो उघडतो. आता पडदा काळा करा. टॉकबॅकच्या मेनूत पडदा लपवायचा पर्याय आहे, आणि व्हॉइसओव्हरमध्ये तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की तेच होतं. ही पायरी गाळू नका. पडदा दिसत असला की डोळे चोरून मदत करतात आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

असं ऐकलं की चूक लगेच लक्षात येते. मोठी अक्षरं, ठळक रंग, मधली मोकळी जागा यांवरून डोळ्यांना रचना कळते. वाचकयंत्राला यातलं काहीच दिसत नाही. कोडमध्ये जे सांगितलं असेल तेवढंच त्याला ठाऊक असतं. 24 आकाराच्या अक्षरांत लिहिलेलं 'आजची भरती' त्याच्या लेखी साधी ओळ असते.

मथळे सांगा, आणि मोजकेच सांगा

अँड्रॉइड 9 पासून कुठल्याही मजकुराला 'हा मथळा आहे' असं सांगायची थेट सोय आहे. अ‍ॅप बनवायच्या साधनांपैकी कंपोजमध्ये सिमँटिक्सच्या आत हेडिंग लिहायचं, फ्लटरमध्ये सिमँटिक्स विजेटला हेडर, रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी रोल हेडर, आणि आयओएसवर हेडर हा ट्रेट द्यायचा. काम एका ओळीचं आहे. एवढं केलं की टॉकबॅक वापरणारी व्यक्ती वाचनाची पद्धत 'मथळे' अशी निवडून बोट खाली सरकवते आणि थेट पुढच्या मथळ्यावर जाते. व्हॉइसओव्हरमध्ये तेच दोन बोटं चावीसारखी फिरवून होतं. 40 घटक ओलांडायची गरज उरत नाही.

मथळा दिल्यावर उत्साहाच्या भरात मी दरही मथळे करून टाकले, कारण ते ठळक दिसत होते. काका चार भाग ओलांडायला गेले आणि 14 आकड्यांत अडकले. ठळक दिसतो म्हणून मजकूर मथळा होत नाही. त्याच्याखाली काही असेल तरच तो मथळा. माझ्या मुख्य पानावर आता चारच आहेत: इशारे, भरती-ओहोटी, वारा, आजचे दर.

आणखी एक. वेबपानावर मथळ्यांच्या सहा पातळ्या असतात. अ‍ॅपमध्ये बहुतेक वेळा 'मथळा आहे की नाही' एवढंच सांगता येतं. म्हणून शब्दांतूनच पातळी कळू द्या. नुसतं 'उद्या' लिहू नका, 'उद्याची भरती-ओहोटी' लिहा.

एका माशाची एक ओळ

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. माझ्या दरांच्या यादीत प्रत्येक माशाचे चार तुकडे होते: नाव, आकार, दर, 'किलोला'. वाचकयंत्र 'सुरमई' म्हणून थांबायचं, मग 'मोठी', मग आकडा, मग 'किलोला'. 14 मासे म्हणजे 56 वेळा बोट सरकवायचं. आणि यादीच्या मध्येच बोट पडलं तर हा आकडा सुरमईचा की बांगड्याचा, हे कळायला मार्गच नाही.

ते चार तुकडे मी एका गटात बांधले. कंपोजमध्ये त्याला मर्ज डिसेंडंट्स म्हणतात, फ्लटरमध्ये मर्ज सिमँटिक्स, आयफोनच्या स्विफ्टयूआयमध्ये कंबाइन. आता एकाच सरकवण्यात 'सुरमई, मोठी' आणि तिचा किलोचा दर असं पूर्ण वाक्य ऐकू येतं. एक धोका लक्षात ठेवा. गटाच्या आत बटण असेल, जसं माझं 'दर कळवा' होतं, तर काही साधनांत ते गटात गिळलं जातं आणि कधीच हाती लागत नाही. बटण गटाबाहेर ठेवा, आणि त्याचं नाव 'सुरमईचा दर कळवा' असं पूर्ण करा.

क्रमाचंही तसंच. भरती-ओहोटीचा तक्ता मी दोन स्तंभांत केला होता. ऐकताना आधी 'भरती, ओहोटी' असे दोन शब्द यायचे आणि मग वेळांचे चार आकडे एकापाठोपाठ. आपल्याकडे दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. कुठली वेळ कशाची, हे चुकलं तर होडी गाळात रुतते. आता प्रत्येक ओळ 'पहिली भरती, सकाळी 10 वाजून 42 मिनिटं' अशी वाचली जाते. दिसायला स्तंभ तसेच आहेत, फक्त कोडमधला क्रम अर्थाप्रमाणे लावला.

मराठी मजकूर असेल तर

मजकुराची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगा. नाहीतर फोन इंग्रजीत असलेल्याला देवनागरी चुकीच्या आवाजात ऐकू येते किंवा गाळलीच जाते. 'कि.', 'रु.', 'ता.' अशी छाटलेली रूपं टाळा. '10.42' अशी वेळ लिहिली तर काकांच्या फोनवर ती दशांश अपूर्णांक म्हणून वाचली जायची.

रिकामं पान आणि अचानक आलेला इशारा

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, तेव्हा दरांची यादी रिकामी राहते. तिथे मी किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचं सुंदर चित्र टाकलं होतं. काकांना त्या जागी काहीच ऐकू आलं नाही, त्यांना वाटलं अ‍ॅप बिघडलं. आता तिथे वाक्य आहे: 'मासेमारी बंदी चालू आहे, दर 1 ऑगस्टपासून.'

उंच लाटांचा इशारा नंतर येऊन वर चिकटला, तर तो आपोआप बोलला जायला हवा. त्यासाठी लाइव्ह रीजन ही कोडमधली सोय वापरा, सौम्य प्रकारातलं, म्हणजे चालू वाक्य तोडलं जात नाही. दर मिनिटाला बदलणाऱ्या वाऱ्याच्या आकड्याला मात्र ते लावू नका.

शेवटची तपासणी

गुगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर आणि आयफोनची अ‍ॅप बनवायच्या एक्सकोडमधलं इन्स्पेक्टर जरूर चालवा. नाव नसलेली बटणं आणि फिका रंग ही साधनं पकडतात. मथळा योग्य जागी आहे का, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. 'जमतंय का?' असं विचारू नका, कारण घरचं माणूस 'हो' म्हणतं. काम द्या: 'काका, उद्याची दुसरी ओहोटी किती वाजता?' आणि गप्प बसा. बोट कुठे थांबतं, कुठे मागे फिरतं, ते लिहून काढा.

गेल्या रविवारी काकांनी ती वेळ पाच सरकवण्यांत सांगितली. मग पापलेटचं पान उघडून मागे आले, तर यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि त्यांना पापलेट परत शोधावं लागलं. मागे आल्यावर त्याच माशावर यायला हवं. ते काम या आठवड्यात हाती घेतलं आहे.