पिवळी पट्टी आणि आडतीतली पट्टी

लातूरच्या मार्केट यार्डात पट्टी म्हटलं की शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशोबाचा कागद. किती कट्टे, काय भाव, हमाली-तोलाई वजा जाता किती उरले. एमएस-सीआयटी करून मी एका आडत दुकानात कॉम्प्युटरवर बसलो, तेव्हा मलाही तेवढीच पट्टी ठाऊक होती. दुसरी भेटली ऐन सोयाबीनच्या हंगामात. अॅक्सेसमध्ये, म्हणजे आमचा हिशोब ज्यात असतो त्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, मेन्यूच्या खाली. सुरक्षेचा इशारा देणारी, पिवळी.

कॉम्प्युटर नुकताच फॉरमॅट केला होता. हिशोबाची फाइल परत टाकली, फॉर्म उघडला, नावंही दिसली. पण ‘पट्टी छापा’ दाबलं तर ढिम्म. दारात चार शेतकरी, आणि मुनीमजींचा आवाज, "काय रे, पट्टी का निघना गेली?" मी अख्खं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून पुन्हा टाकायच्या बेतात होतो.

तुम्ही ते करू नका. फाइल बिघडलेली नसते. अॅक्सेसला ती ओळखीची वाटत नाही, म्हणून ते तिच्यातला व्हीबीए कोड, म्हणजे फाइलीतच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, चालू देत नाही. टेबल उघडतात, जुन्या नोंदी वाचता येतात. पण बटणामागचा कोड, मॅक्रोतल्या (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीतल्या) धोक्याच्या आज्ञा, नोंदी बदलणाऱ्या क्वेरी हे सगळं अडतं. फाइल आपलीच असेल तर पिवळ्या पट्टीवरचं ‘इनेबल कंटेंट’ दाबायचं. २०१०पासूनचं अॅक्सेस हा होकार लक्षात ठेवतं. फाइलची जागा किंवा नाव बदललं की मात्र पुन्हा विचारतं.

मी काय केलं? ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ‘इनेबल ऑल मॅक्रोज’ निवडलं, म्हणजे कुठल्याही फाइलीतला कोड न विचारता चालू दिला. पट्टी निघाली, मालक खूश. मग हुशारी करून तिन्ही कॉम्प्युटरवर, एक्सेललासुद्धा तेच करून ठेवलं. काही महिन्यांनी थकीत बिलाच्या नावाने मेलवर एक्सेल फाइल आली, कुणीतरी उघडली, आणि त्या कॉम्प्युटरवरच्या फाइली उघडेनात. दोन दिवस कार्बन लावून हाताने पट्ट्या लिहिल्या. माझं अक्षर कसं आहे हे तेव्हा अख्ख्या यार्डाला कळलं.

खरा उपाय दोन मिनिटांचा होता. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, त्याची सेटिंग्ज, आणि तिथे ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये एक फोल्डर जोडायचा. त्यातली फाइल न विचारता चालते, बाकी सगळीकडे पहारा तसाच राहतो. त्यासाठी सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप तसा करून ठेवणं म्हणजे गोदामाला कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवणं. नेटवर्कवरचा फोल्डर जोडायला वेगळी खूण करावी लागते, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच ती करू नका म्हणतं. म्हणून आम्ही नुसत्या नोंदींच्या टेबलांची फाइल सर्व्हरवर ठेवली आणि कोड असलेली फॉर्मची फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवर. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता लाल पट्टीही दिसते. २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मुळातच बंद केले. या पट्टीवर होकाराचं बटणच नसतं. विंडोज अशा फाइलीला ‘बाहेरून आलेली’ अशी खूण लावतं. ती काढायची तर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’. आमचा प्रोग्रॅमर सुधारलेली फाइल मेलने पाठवतो तेव्हा मी आधी त्याला फोन लावतो, मगच ही खूण काढतो. त्याला याचा कंटाळा येतो. येऊ दे.

अनोळखी फाइल हातात पडली तर मी ‘इनेबल’ दाबतच नाही. पिवळी पट्टी तशीच ठेवून आल्ट आणि एफ ११ दाबतो. कोड चालत नसला तरी त्याला पासवर्ड नसेल तर वाचता येतो. हिशोबाच्या फाइलीत बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करणारी ‘शेल’ची ओळ दिसली, की तिथेच थांबून पाठवणाऱ्याला फोन.