सिगारेटच्या तलफेवर खोल टीएमएस: यंत्राखाली बसण्याआधी

मेंदूच्या बाजूच्या घडीत आत दडलेला ‘इन्सुला’ नावाचा भाग आहे. पक्षाघाताने या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची सिगारेट सहज सुटली आणि तलफही पुन्हा आली नाही, हे आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. शस्त्रक्रिया न करता तिथवर पोचण्याचा प्रयत्न म्हणजे खोल टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन), डोक्यावरच्या टोपीत बसवलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, दिले जाणारे चुंबकीय स्पंद. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये धूम्रपान सोडण्यासाठी त्याला परवानगी दिली.

उपचार केंद्रात पहिला प्रश्न कॉइलचा विचारा. परवानगी मिळाली ती एच-४ कॉइलला. तिचा परिणाम कपाळामागच्या दोन्ही बाजूंवर आणि इन्सुलावर होतो. नैराश्यासाठी सर्रास वापरली जाणारी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल बऱ्याच वरच्या थरात थांबते. ‘टीएमएस आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे भरू नका.

मग स्वतःची माहिती द्या, काहीही न लपवता. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), छातीत पेसमेकर, पूर्वी आलेली फिट, डोक्याला झालेली मोठी इजा हे सगळं सांगायचं. इथे एक गोष्ट हमखास निसटते: सिगारेट सोडण्यासाठीच दिली जाणारी ब्युप्रोपिऑन ही गोळी फिट येण्याची शक्यता वाढवते. ती चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंदही करू नका. जागरण झालं असेल किंवा आदल्या रात्री दारू घेतली असेल, तर त्या दिवशीचं सत्र पुढे ढकललेलं बरं.

सुरुवातीला तुमची मात्रा ठरते. दहापैकी पाच स्पंदांना अंगठा हलेल अशी किमान ताकद शोधतात आणि उपचार तिच्या १२० टक्क्यांवर देतात. ही मोजणी घाईत उरकली की पुढची सगळी सत्रं कमी किंवा जास्त ताकदीची होतात.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच टाळला जातो. स्पंद सुरू होण्याआधी तलफ मुद्दाम जागी करायची असते: जेवणानंतरची सिगारेट, टपरीवरचा चहा, जे तुम्हाला सर्वांत जास्त ओढतं ते डोळ्यांपुढे आणायचं आणि सिगारेटची चित्रं पाहायची. तलफेचं जाळं जागं असताना दिलेले स्पंद ते बदलू शकतात, हा त्यामागचा विचार. मोबाइल बघत बसलात तर हा भाग वाया गेला.

कानात बोळे घाला, आवाज मोठा असतो. तीन सेकंद स्पंद, पंधरा सेकंद विश्रांती, असे साठ फेरे; एकूण १,८०० स्पंद आणि साधारण १८ मिनिटं. कपाळावर टकटक जाणवते, डोकं दुखू शकतं. टोपी सरकली असं वाटलं तर लगेच सांगा, जागा चुकली की मात्रा चुकली. पहिले तीन आठवडे रोज, आठवड्यातले पाच दिवस; त्यानंतर तीन आठवडे आठवड्यातून एकदा. एकूण १८ सत्रं. सिगारेट सोडण्याची तारीख पहिल्या दोन आठवड्यांतच ठरवायची.

अपेक्षा किती ठेवावी? २६२ जणांच्या चाचणीत उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी २८ टक्के लोक सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिले. खोट्या स्पंदांच्या गटात हे प्रमाण ११.७ टक्के होतं. मधेच सोडून गेलेले धरले तर आकडे १९.४ आणि ८.७ टक्के. फरक खरा आहे, पण उपचार पूर्ण करूनही दहांतल्या सात जणांची सिगारेट सुटली नाही, हेही तितकंच खरं. म्हणून कर्ज काढून हा उपचार घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ही चाचणी सिगारेट ओढणाऱ्यांवर झाली. मिश्री, गुटखा किंवा चुना-तंबाखूला हे आकडे लावता येत नाहीत. ते खाणाऱ्यांनी किंवा लावणाऱ्यांनी आधी १८००-११२-३५६ या तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करावा. तो निःशुल्क आहे. निकोटिन गम सुचवला गेला तर तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नाही: हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीमध्ये ठेवायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. भराभर चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं.