पुण्यातलं कात्रजचं झू बघायला जाताय? मग थांबायची तयारी ठेवा

कात्रजला जाऊन आलेले बरेच जण सांगतात की वाघ काही दिसला नाही, पैसे फुकट. अहो दिसतो, पण थांबावं लागतं. पुण्याचं आधीचं झू म्हणजे पेशवे पार्क, तिथे पिंजरा होता, समोर गेलं की वाघ समोरच. इथे मध्ये खंदक आहे आणि पलीकडे झाडी, म्हणजे त्याला लपायला जागा आहे, आणि ते चांगलंच आहे ना!

बुधवारी बंद असतं हे आधी लक्षात ठेवा. स्वारगेटवरून कात्रजची बस मिळते. शक्यतो रविवार टाळा आणि सकाळी गेट उघडताच आत जा, कारण ऊन चढलं की प्राणी सावली धरून पडतात. एकूण जागा 130 एकर, त्यातला 42 एकर नुसता तलाव, त्यामुळे चालणं भरपूर होतं. आजी-आजोबा सोबत असतील तर बॅटरीवरच्या गाडीची चौकशी गेटपाशीच करून घ्या.

आता मुख्य गोष्ट. सगळं बघायच्या मागे लागू नका. तीन-चार ठिकाणं ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं गप्प उभे रहा. मागच्या वेळी आम्ही वाघाकडे असेच उभे होतो, आधी नुसतं गवत दिसत होतं, मग माझ्या भाचीला एक कान हललेला दिसला, माशी उडवायला, आणि मग एकदम पट्टे, पाठ, शेपूट सगळा वाघच दिसायला लागला, तोपर्यंत चार कुटुंबं येऊन "इथे काही नाही" म्हणून निघून गेली होती.

गवा बघताना पाय बघा, पांढरे मोजे घातल्यासारखे असतात. मगर जबडा उघडून तासन्‌तास पडलेली असते, ती अंग थंड ठेवायला, ती काही पुतळा नाही, तेव्हा खडे मारणारं कोणी दिसलं तर प्लीज थांबवा, गार्डला सांगा. आणि खायला काहीही टाकू नका, एक वेफरसुद्धा नाही.

सर्पोद्यान शेवटी ठेवा. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं हे, झूच्याही आधीचं. तिथे पोरं काचेवर टकटक करतात, त्यांचे हात धरा, सापाला ती थरथर अंगाला जाणवते. नागराजासमोर, म्हणजे किंग कोब्रासमोर, मात्र वेळ काढा, तो फणा न काढताही बघण्यासारखा असतो.