पाच शिराझ शेजारी शेजारी चाखण्याआधी

आधी तुलना कशाची करायची ते ठरवा. ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ, कूनावाराची कॅबरने (दोन्ही रेड वाइनची द्राक्षं) आणि कपाटातली दहा वर्षं जुनी एखादी बाटली अशी मोट बांधली, तर फरक द्राक्षाचा, मातीचा की वयाचा हे कुणालाच सांगता येत नाही. द्राक्ष एकच ठेवा, शिराझ. सालही शक्यतो एकच. बदलू द्यायचा तो फक्त ऑस्ट्रेलियातला प्रदेश: हंटर व्हॅली, ग्रॅम्पियन्स, हीथकोट, मॅकलारेन व्हेल, बरोसा. पाचाच्या पुढे जाऊ नका. टॅनिनच्या तुरटपणानं जीभ दमते आणि शेवटच्या वाइनवर अन्याय होतो. कॅबरनेला वेगळा दिवस द्या.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. नुसतं ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ लिहिलेली बाटली या कामाची नाही, कारण त्या पट्ट्यात अख्खं व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स आणि टास्मानियाही येतं. ठरावीक प्रदेशाचं नाव असेल तर निदान ८५ टक्के द्राक्षं तिथलीच असावी लागतात. मागच्या बाजूला ओकच्या पिंपांबद्दल काही लिहिलंय का तेही बघा. नवा अमेरिकन ओक खोबरं आणि व्हॅनिलाचा वास देतो, आणि तो जास्त झाला की प्रदेश त्याच्याखाली गाडला जातो. भारतात विकत घेत असाल तर अगदी स्वस्तातली टाळा. २०२२च्या डिसेंबरअखेर लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानं १५० टक्के आयातशुल्क उतरू लागलं, पण आयात किंमत बाटलीमागे ५ अमेरिकी डॉलरच्या खाली असेल तर ही सवलत नाही.

आठ माणसं, प्रत्येकाला ५० मिलि, म्हणजे ७५० मिलिच्या बाटलीतून ४०० मिलि जाईल. उरलेली जेवणाबरोबर. पाच वाइन गिळल्या तर साडेचौदा टक्क्यांच्या हिशेबानं सुमारे २८ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, ऑस्ट्रेलियाच्या मोजमापानं जवळपास तीन स्टँडर्ड ड्रिंक. म्हणून थुंकण्यासाठी प्रत्येकाला एक उंच स्टीलचा पेला हवाच. लाज वाटायचं कारण नाही, व्यावसायिक चाखणारे हेच करतात.

चाळीस ग्लास कुणाच्या घरी नसतात. माणशी दोन पुरतात, मात्र सगळे एकाच आकाराचे, तोंडाशी निमुळते हवेत. दोन-दोन वाइन शेजारी ठेवून पुढे सरका, आणि ग्लास पाण्यानं न विसळता पुढच्या वाइनच्या चमचाभर थेंबांनी विसळा. आदल्या दिवशी ग्लास गरम पाण्यानं धुऊन उपडे न ठेवता वाळवा. साबणाचा, फडक्याचा, कपाटाचा वास त्यात हमखास अडकतो. त्या संध्याकाळी उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, अत्तर आणि फोडणी, सगळ्यांना सुट्टी.

सगळ्यात जास्त घोटाळा तापमानात होतो. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांचा. पुण्या-मुंबईच्या ३० अंशांत बरोसाची शिराझ नुसती औषधासारखी झोंबते, फळ मागे पडतं. १६ ते १८ अंश हवेत. फ्रिजमध्ये दीड-दोन तास, किंवा बर्फाच्या पाण्यात पाव तास. स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवून खात्री करा. ओतल्यावर ५० मिलि वाइन भराभर तापते, तेव्हा खोलीत एसी लावा.

तासभर आधी बाटल्या उघडून प्रत्येकीतून थोडी चाखा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बूच खराब, ती बाटली बाजूला. ती सुधारत नाही, म्हणून एक जास्तीची बाटली हाताशी ठेवा. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत कधी विझलेल्या काडीसारखा वास येतो, तो मात्र जगमध्ये ओतून हलवल्यावर बरेचदा जातो. बाटलीच्या आकारावरून ओळख पटू नये म्हणून प्रत्येक वाइन जगमध्ये ओता, बाटली थोड्या पाण्यानं धुऊन नीट निथळा आणि वाइन परत भरा. कागद गुंडाळून अ, ब, क लिहा. बाटलीच्या तळाशी गाळ असेल तर तो जगमध्ये जाऊ देऊ नका.

क्रम हलकीपासून जडपर्यंत. हंटर पहिली, ती मध्यम बांध्याची. मग ग्रॅम्पियन्स, इथे मिरी शोधा. हा वास रोटंडोन या रेणूचा, खऱ्या मिऱ्यातही तोच असतो, आणि साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही. त्यामुळे ‘मला नाही लागत’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. हीथकोटनंतर मॅकलारेन व्हेल, शेवटी बरोसा: पिकलेलं काळं फळ, चॉकलेट, जाड पोत. कुठे निलगिरीच्या तेलासारखा वास आला तर बागेशेजारी ती झाडं असण्याची शक्यता दाट. पानं द्राक्षांबरोबर क्रेटमध्ये पडतात.

तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमिठाचा पाव. चिवडा, चकली, चीज नंतर. मीठ आणि चीज तुरटपणा लपवतात, तिखट अल्कोहोलची आग वाढवतं.

प्रत्येकानं गुण कागदावर लिहावेत, आणि सगळ्यांचे लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडू नये. पहिला बोलतो त्याचंच मत टेबलभर फिरतं.

उरलेली वाइन अर्ध्या आकाराच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते.